कुत्रा गुरगुरतो, चावतो, सारखा भुंकतो: त्याच्यासाठी ट्रेनर कसा शोधावा

घरातला कुत्रा अंगावर धावून जाऊ लागला किंवा दिवसभर भुंकू लागला की बहुतेक लोक सोसायटीत आधीपासून येणाऱ्या ट्रेनरलाच बोलावतात. तो रोज सकाळी पाऊण तास कुत्र्याला खाली नेतो, तीन महिन्यांत ‘सिट’, ‘स्टे’, ‘शेकहँड’ शिकवतो. कुत्रा त्याच्यासमोर शहाण्यासारखा बसतो, पण दाराची बेल वाजली की पुन्हा तेच. आज्ञा शिकवणं वेगळं आणि कुत्र्याची भीती, राग, एकटं राहण्याची धास्ती कमी करणं वेगळं. तुम्हाला हे दुसरं काम येणारा माणूस हवा आहे आणि ते काम घरच्यांना सोबत घेतल्याशिवाय होत नाही.

१. आधी पशुवैद्याकडे जा

शांत कुत्रा अचानक गुरगुरू लागला, हात लावू देईना, तर पहिली शंका दुखण्याची घ्या. ठणकणारा कान, तुटलेला दात, लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डचा खुब्याचा सांधा, म्हाताऱ्या कुत्र्याची अधू झालेली नजर, यांपैकी काहीही कारण असू शकतं. कान, दात, सांधे तपासून घ्या आणि रक्ततपासणी लागेल का ते विचारा. परळ, शिरवळ आणि नागपूरच्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही दवाखाने आहेत. दुखतंय म्हणून चावणाऱ्या कुत्र्याला कितीही चांगला ट्रेनर आणला तरी गुण येणार नाही.

२. दोन आठवडे वहीत नोंद ठेवा

प्रत्येक प्रसंगाच्या चार गोष्टी लिहा: वेळ, आधी काय घडलं, कुत्र्याने काय केलं, नंतर तुम्ही काय केलंत. ‘रागीट आहे’ असं लिहू नका. ‘संध्याकाळी ७, मुलगा ताटलीजवळून गेला, कुत्रा ताठ झाला, गुरगुरला, आम्ही ओरडलो’ असं लिहा. मागे एकटा राहून भुंकत असेल तर जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. व्हिडिओ मिळावा म्हणून कुत्र्याला मुद्दाम चिडवू मात्र नका. प्रत्येक वेळी तसं वागल्याने तीच सवय पक्की होत जाते.

तोपर्यंत पाहुणे आले की कुत्रा दुसऱ्या खोलीत, जेवताना त्याच्याजवळ कुणी नाही, लहान मुलं आणि तो एकटे एकत्र नाहीत, एवढं पाळा. कुणाला चावलाच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरीही.

३. नावं गोळा करा

भारतात कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. काल काम सुरू केलेला माणूसही आज स्वतःला ‘बिहेवियरिस्ट’ म्हणजे वर्तनतज्ज्ञ म्हणवू शकतो. म्हणून व्हिजिटिंग कार्डावरच्या पदवीपेक्षा ती कुणी दिली आणि कशासाठी दिली, हे बघा. अमेरिकेतल्या सर्टिफिकेशन कौन्सिल फॉर प्रोफेशनल डॉग ट्रेनर्सच्या सीपीडीटी-केए परीक्षेला बसण्यासाठी मागच्या ३ वर्षांत किमान ३०० तास शिकवलेलं असावं लागतं. प्रमाणपत्र नसलेले काही ट्रेनरही उत्तम काम करतात, पण ते कुठे, कुणाकडे शिकले हे त्यांना सांगता यायला हवं.

पशुवैद्यांना विचारा. दत्तक कुत्री देणाऱ्या संस्थांना विचारा, कारण घाबरलेली कुत्री त्यांच्याकडे नेहमी येतात. ज्यांच्या कुत्र्याला तुमच्यासारखीच अडचण होती अशा दोन मालकांशी बोला. तालुक्याच्या गावी कुणी मिळत नसेल तर व्हिडिओ कॉलवरचा सल्ला कमी समजू नका. एकटेपणाच्या धास्तीवर तर तो अनेकदा जास्त सोयीचा पडतो, कारण परका माणूस घरात आला की कुत्रा एरवीसारखा वागतच नाही.

४. फोनवर तीन प्रश्न

कुत्रा बरोबर वागला तर त्याला काय मिळेल? चुकला तर त्याचं काय होईल? तुमचा पहिला उपाय चालला नाही तर पुढे काय कराल?

उत्तरं सरळ हवीत. ‘उकडलेल्या चिकनचा तुकडा’, ‘अंतर वाढवतो, सोपं करतो’, ‘पशुवैद्यांशी बोलून औषधाचा विचार करतो’ ही ऐकायला साधी वाटणारी उत्तरं चांगली आहेत. ‘करेक्शन देतो’ (म्हणजे शिक्षा), ‘त्याला बॉस कोण ते दाखवावं लागतं’ असं ऐकलं तर फोन ठेवा. कळपात एकजण दाब देऊन सगळ्यांवर हुकूम चालवतो, ही बॉस किंवा ‘अल्फा’ची कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती १९७० साली आपल्या पुस्तकातून लोकांपर्यंत नेणारे शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनीच पुढे ती चुकीची असल्याचं जाहीरपणे सांगितलं. लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं.

गळा आवळणारी चोक चेन, काट्यांचा पट्टा आणि विजेचा झटका देणारी शॉक कॉलर यांना ठाम नकार द्या. दुसऱ्या कुत्र्याला पाहून भुंकणाऱ्या कुत्र्याच्या गळ्याला प्रत्येक वेळी झटका बसला, तर ‘दुसरा कुत्रा दिसला की दुखतं’ एवढंच तो शिकतो. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो इशारा न देता चावतो. वेल्समध्ये शॉक कॉलरवर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे जनावराला मारणं, छळणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली त्याला सूट नाही.

‘१५ दिवसांत गॅरंटी’ म्हणणारा आणि ‘महिनाभर आमच्याकडे सोडा’ म्हणणाराही नको. ज्या दारावर, ज्या ताटलीजवळ बिघडतं, ते तुमच्या घरात आहे.

५. शिकवताना बघा

तुमचा कुत्रा न नेता एखादं सत्र बघायला मागा. नकार मिळाला तर पुढचं नाव घ्या. तिथे ट्रेनरपेक्षा कुत्र्याकडे बघा. शेपूट पोटाखाली, कान मागे, सारखं ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, मान फिरवणं ही ताणाची चिन्हं आहेत. ती दिसल्यावर ट्रेनर थांबतो का? खाऊ हरभऱ्याएवढा, पटापट आणि भरपूर दिला जातो का? अर्धी बिस्किटं देणाऱ्याचा कुत्रा पाच मिनिटांत पोट भरून बसतो.

६. पहिली भेट आणि पैसे

पहिल्या भेटीत तास-दीड तास बहुतेक बोलण्यात जायला हवा. तुमची वही वाचणं, घराची मांडणी, खाणं, झोप, फिरणं यांची चौकशी. आल्या आल्या पट्टा हातात घेऊन खाली निघालेला माणूस घाईत आहे. चावणाऱ्या कुत्र्यासाठी तो जाळीदार मझल (तोंडावर बांधायचं मुसकं) सुचवील, ते योग्यच आहे. त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. मझल एकदम बांधायचं नसतं, खाऊ देत देत काही दिवसांत सवय लावायची असते. कापडी, तोंड आवळणारं नको. उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकतं.

तीन महिन्यांचे पैसे आगाऊ देऊ नका. आधी एका भेटीचे द्या, मग चार भेटींचे. सोसायटीची नोटीस आली म्हणून घाईने कडक ट्रेनर धरू नका. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही.

चार आठवड्यांनी वही उघडा. आधी दुसरा कुत्रा १५ मीटरवर दिसताच भुंकत होता, आता ८ मीटरपर्यंत शांत राहतो का? भुंकल्यानंतर किती वेळात सावरतो? आकडे हलत असतील तर तोच ट्रेनर ठेवा. हलत नसतील तर त्याला विचारा. तो योजना बदलतो की दोष कुत्र्याच्या जातीवर आणि तुमच्या लाडावर ढकलतो, यावरून पुढच्या भेटीचे पैसे द्यायचे की नाहीत ते ठरवा.