धंद्याच्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट, गिफ्ट कार्ड आणि टॅक्स

वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप असो की तुर्भ्यातलं गोदाम, धंद्याच्या कार्डावर जमलेले पॉइंट फुकटचे वाटतात. पण ज्या खरेदीवर ते मिळाले, तिचा खर्च तुम्ही नफ्यातून आधीच वजा केलेला असतो. म्हणून पॉइंटांच्या बदल्यात व्हाउचर, म्हणजे गिफ्ट कार्ड, हातात आलं की ते हिशेबाच्या वहीत यायलाच हवं.

आधी भाव बघा. समजा व्हाउचरला पॉइंटमागे 25 पैसे आणि स्टेटमेंट क्रेडिटला, म्हणजे कार्डाच्या बिलातून रक्कम वजा करून घ्यायला, 20 पैसे मिळतात. मग 40,000 पॉइंटांचे 10,000 किंवा 8,000 रुपये होतात. रिडेम्प्शन फी, म्हणजे पॉइंट वटवायचं शुल्क, 99 रुपये असेल तर 18 टक्के जीएसटी धरून 116.82 रुपये पडतात. फी दर विनंतीमागे लागत असेल तर पाचशेची वीस व्हाउचरं वेगवेगळी मागवू नका, एकाच ऑर्डरमध्ये संख्या 20 टाका. फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, हवी असेल तर तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) बँकेकडे नोंदवलेला असावा लागतो.

रिडीम करताना ईमेल ऑफिसचाच द्या. कोड कुणाच्या खासगी शॉपिंग खात्यात एकदा जोडला गेला की तो सहसा परत काढता येत नाही, आणि नोकरी सोडणाऱ्याबरोबर शिल्लकही जाते. मुदत, सोन्याच्या नाण्यांसारख्या वगळलेल्या वस्तू आणि एका बिलाला किती व्हाउचर चालतात, हे मागवण्यापूर्वीच वाचा.

नोंद सोपी आहे. व्हाउचर आलं त्या दिवशी ‘हातातली व्हाउचरं’ नावे 10,000, ‘कार्ड रिवॉर्ड’ जमा 10,000. त्यातून प्रिंटरचा टोनर घेतला की ‘ऑफिस खर्च’ नावे, ‘हातातली व्हाउचरं’ जमा. नेमकी पहिलीच नोंद राहून जाते. मग टोनरचा खर्च दिसतो, पण पैसा कुठून आला ते दिसत नाही. 1961च्या आयकर कायद्यात धंद्यातून मिळालेला लाभ कलम 28(iv)खाली येतो, तो रोख असो वा नसो. 1 एप्रिल 2026पासून नवा कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेवढं सीएला विचारून घ्या.

जीएसटीच्या दृष्टीने व्हाउचर म्हणजे पैसे चुकते करायचं साधन. 10,000 रुपयांच्या टोनरवर 18 टक्क्यांनी 1,525.42 रुपये कर असतो आणि बिल तुमच्या जीएसटीआयएनवर असेल तर त्याचं क्रेडिट घेता येतं. जीएसटीआयएन ऑर्डर करण्यापूर्वीच भरा. नंतर बिल बदलून घेण्यात बराच वेळ जातो. भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवर मात्र जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(h)मुळे क्रेडिट नाही.

दिवाळीला कामगारांना व्हाउचर द्यायचं असेल तर आर्थिक वर्ष 2025-26पर्यंतच्या नियमांत माणशी वर्षाला एकूण 5,000 रुपयांच्या आतली भेट करमुक्त धरली जायची. रोख दिलेल्या रकमेला ही सवलत नव्हती. कुणाला किती दिलं याची सही घेतलेली यादी ठेवा.

व्हाउचर घरच्या मिक्सरसाठी वापरलं तर? प्रोप्रायटरने, म्हणजे एकट्या मालकाने, ते सरळ उचल खाती (मालकाने स्वतःसाठी काढलेल्या रकमेच्या खात्यात) टाकावं. कंपनीच्या संचालकाला तसं करता येत नाही. कंपनीचं व्हाउचर त्याने स्वतःसाठी वापरलं तर ते त्याच्या पगारात परक्विझिट, म्हणजे पगाराबरोबर मिळालेला करपात्र लाभ, म्हणून मोजलं जातं.