तिसऱ्यांची साथ आणि बर्फाची पेटी

जुलाबाच्या साथीत तिसऱ्या, शिनाण्या किंवा कालवं अशा शिंपल्यांवर संशय असेल तर नमुने सरसकट बर्फात कोंबू नका. बाकीचं बरंच काही मागाहून निस्तरता येतं, गेलेला नमुना परत मिळत नाही.

लसीकरणामुळे शीतसाखळी इतकी अंगवळणी पडलेली असते की हात आपसूक आइसपॅककडे जातो. पण शिंपल्यांतून जुलाब करणारा जंतू, व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस, थंडीला कच्चा. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी रेक्टल स्वॅब (गुदद्वारातला बोळा) घ्या, कॅरी-ब्लेअर या नमुना टिकवणाऱ्या माध्यमात खोल खुपसा आणि खोलीच्याच तापमानाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवा. विषाणूसाठीचा शौच मात्र वेगळ्या कोऱ्या डबीत, फ्रिजमध्ये. उरलेल्या तिसऱ्या ७ ते १० अंशांत हव्यात: पेटीत बर्फ चालेल, पण पिशवी त्याला टेकू नये, मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी घाला. गोठल्या तर जंतू मरतात, अहवाल निगेटिव्ह येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

फॉर्मवर 'शिंपले खाल्ले, व्हिब्रिओ संशयित' असं ठळक लिहा, नाहीतर टीसीबीएसची, म्हणजे व्हिब्रिओ वाढवून ओळखायची, प्लेट कोणी काढेलच असं नाही. त्यावर हिरव्या वसाहती पॅराहिमोलिटिकस दाखवतो, पिवळ्या दिसल्या तर पटकी मनात आणा. पॅराहिमोलिटिकसला वाढायला मीठ लागतं. बिनमिठाच्या चाचण्या फसवतात. पटकीच्या रॅपिड किटवर विसंबून राहणं मला पटत नाही, ते याला शोधतच नाही. या खुब्या वरिष्ठांपेक्षा प्रयोगशाळेतला जुना तंत्रज्ञ लवकर शिकवतो.

घाबरू नका, कोणी काय खाल्लं हे विचारायच्या मुलाखती जमतात. आजारी न पडलेल्यांनाही तेच प्रश्न विचारा, एवढं पाळा. काविळीत मात्र काल काय जेवलात हे विचारून उपयोग नाही. हिपॅटायटिस ए उगवायला १५ ते ५० दिवस लागतात. मागचं फेस्त, लग्न, जत्रा आठवून द्या, म्हणजे जेवण आठवतं. १९८८ मध्ये शांघायला अर्धकच्च्या शिंपल्यांतून सुमारे ३ लाख लोकांना हीच कावीळ झाली.

किनाऱ्यावरच्या शॅकवाल्याला (खानावळवाल्याला) सांगताना नेमकं सांगा: शिंपला उघडला म्हणजे शिजला नव्हे, आतलं मांस ९० अंशांवर दीड मिनिट राहायला हवं. शिंपले स्वच्छ पाण्यात ठेवून विषाणू गेल्याची खात्री देता येत नाही. आणि व्हिब्रिओच्या साथीत विहिरीत ब्लिचिंग टाकून मोकळं होऊ नका. तो मुळात खाडीतलाच रहिवासी आहे, मैलाजंतूंचा अहवाल चांगला आला तरी तिसऱ्यांत असू शकतो.