युंगफ्राऊला दोघं जाताय? आधी कॅमेरा बघा

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊ डोंगराच्या खाली, इंटरलाकेन गावात लख्ख ऊन आहे म्हणून वरही असेलच असं नाही. वरचं युंगफ्राऊयोख रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर. ढग आले की आलेच; हिमनदी राहू द्या, समोरचं रेलिंगही दिसत नाही. दोघांचं तिकीट खिशाला चांगलंच जड, तेव्हा सकाळी वरचा लाइव्ह कॅमेरा बघूनच काढा. स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांचा रेल्वे-बसचा पास) वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड गावापर्यंत चालतो, पुढे सवलत मिळते. तिथून आयगर एक्सप्रेस केबलकारने वेळ वाचतो.

वर पोचल्यावर पळापळ नको. विरळ हवेत धाप लागते, डोकं जड होतं. गॉगल दोघांना वेगवेगळा घ्या, बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना फार झोंबतं. साडीत फोटोची हौस असेल तर खुशाल भागवा, फक्त आत थर्मल आणि पायात पकड असलेले बूट हवेत.