तरुण क्वार्टरबॅकला प्रीसीझनमध्ये जोखताना या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की भाच्याचे मेसेज सुरू होतात. तो शिकागोजवळ राहतो, बेअर्स या तिथल्या टीमवर त्याचा जीव आहे, आणि त्याच्या नादाने मीही अमेरिकन फुटबॉल बघायला लागलो त्याला आता बरीच वर्षं झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बेअर्सचा नवा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) कॅलेब विल्यम्स, म्हणजे त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तो) सगळ्यात पहिला उचललेला पोरगा, बफेलोला पहिली प्रीसीझन मॅच, म्हणजे खऱ्या सीझनच्या आधीची सरावाची मॅच, खेळला. ७ पैकी ४ पास पूर्ण, ९५ यार्ड. लगेच मेसेज आला, "मामा, मिळाला रे आपल्याला, शेवटी मिळाला!" मग सप्टेंबरमध्ये खरा सीझन सुरू झाला, टायटन्सविरुद्ध तोच पोरगा २९ पैकी १४, फक्त ९३ यार्ड, एकही टचडाऊन पास (ज्यावर थेट गुण मिळतात तो) नाही, मॅच बेअर्सनी जिंकली तरी भाच्याचा मेसेज होता, "हापण गेला बघ."

महिन्याभरात पोरगा बदलला नव्हता. दोन्ही वेळा आम्ही बॉल कुठे पडला तेवढंच बघत होतो, आणि प्रीसीझनमध्ये बॉल कुठे पडला ही सगळ्यात कमी सांगणारी गोष्ट आहे. बॉल हातातून सुटायच्या आधी त्याचे पाय आणि डोळे काय करत होते, समोर कोण उभं होतं, ते बघायला शिकलो तेव्हापासून माझे अंदाज निदान रोज तरी बदलत नाहीत. म्हणून हे लिहितोय, कारण दर ऑगस्टला चांगल्या चांगल्या पोरांना लोक दोन मॅचमध्ये डोक्यावर घेतात आणि दोन मॅचमध्ये मोडीत काढतात, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

आकडा बघून निकाल लावणं

त्या ९५ यार्डांचंच बघा. त्यातले ४२ यार्ड एका स्क्रीन पासचे होते. स्क्रीन म्हणजे क्यूबी, म्हणजे क्वार्टरबॅक, बॉल अगदी जवळ, खेळ जिथून सुरू होतो त्या लाईनच्या मागेच रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) देतो आणि पुढचं सगळं पळणं बॅकचं आणि त्याच्यापुढे ब्लॉक करणाऱ्यांचं. डिआंद्रे स्विफ्ट हा बॅक पळाला, यार्ड कॅलेबच्या खात्यात. त्याच मॅचमध्ये कॅलेबने पॉकेटमधून (राखणाऱ्यांच्या मधल्या सुरक्षित जागेतून) बाहेर पळत पळत कोल कमेटला २६ यार्डांचा पास दिला, त्यात मात्र सगळं त्याचं स्वतःचं होतं. कागदावर ४२ मोठा दिसतो, पण पोराबद्दल काही सांगतो तो २६ चा.

२०२१ मध्ये ट्रे लान्सचं असंच झालं, फोर्टीनायनर्सकडून पहिल्याच प्रीसीझन मॅचमध्ये ८० यार्डांचा टचडाऊन पास, सगळीकडे तोच एक व्हिडिओ. त्या दिवशी तो १४ पैकी ५ होता आणि एकूण यार्ड १२८. म्हणजे तो एक पास काढला तर १३ पासमध्ये ४८ यार्ड उरतात. आता त्यातले काही पास रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) हातातून सुटले होते हेही खरं, त्यामुळे १४ पैकी ५ हाही आकडा त्याच्यावर थोडा अन्यायच करतो. आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो.

उपाय सोपा आहे. मॅच संपली की सगळ्यात लांबचा पास बाजूला ठेवायचा, स्क्रीन बाजूला ठेवायचे, हातातून सुटलेले झेल क्यूबीच्या बाजूने मोजायचे, आणि मग बघायचं काय उरलं. बहुतेक वेळा आठ-दहा थ्रो उरतात, आणि आठ-दहा थ्रोवर कोणी कोणाचं करिअर ठरवू नये एवढं तरी लगेच कळतं. केनी पिकेट २०२३ च्या प्रीसीझनमध्ये स्टीलर्सकडून पाच ड्राईव्ह (बॉल आपल्या टीमकडे असतो तो एक डाव) खेळला आणि पाचही टचडाऊनमध्ये संपले, १५ पैकी १३ पास, पासर रेटिंग १५८.३, म्हणजे रेटिंगमध्ये त्याच्या वर काही असतच नाही. आणि मग अख्ख्या सीझनमध्ये १२ मॅचमध्ये टचडाऊन पास किती? सहा. पुढच्या मार्चमध्ये स्टीलर्सनी त्याला ईगल्सकडे ट्रेड केलं.

समोर कोण उभं आहे तेच न बघणं

सीझनआधीच्या कॅम्पमध्ये प्रत्येक टीमकडे ९० खेळाडू असतात आणि ऑगस्टच्या शेवटी ५३ ठेवायचे असतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरला मैदानावर जे डिफेन्डर दिसतात त्यातल्या बऱ्याच जणांना आठवड्याभरात घरी जायचंय. त्यांच्यावर कोणी २०० यार्ड काढले तर कौतुक जरूर करा, पण ते कसले २०० यार्ड ते लक्षात ठेवून करा.

नेथन पीटरमनचं उदाहरण मला कायम आठवतं, कारण त्याची कोणी टिंगल केली की मला आवडत नाही, मेहनती पोरगा होता. २०१८ च्या प्रीसीझनमध्ये बिल्सकडून ४१ पैकी ३३ पास, स्टार्टरची जागा त्याने त्यावर मिळवली. सीझनच्या पहिल्याच मॅचला रेव्हन्सच्या खऱ्या डिफेन्सपुढे १८ पैकी ५, २४ यार्ड, दोन इंटरसेप्शन (समोरच्यांनी मधेच झेललेले पास), टीम ४७-३ ने हरली आणि दुसऱ्या हाफमध्ये त्याच्या जागी जॉश ॲलन आत आला. पीटरमन ऑगस्टमध्ये खोटं खेळला नव्हता. परीक्षा वेगळी होती.

आणि माणसं तीच असली तरी ती खेळतात काय, हा पुढचा मुद्दा. प्रीसीझनमध्ये डिफेन्स आपले पत्ते झाकून ठेवतो. साधं कव्हरेज (रिसीव्हरवरची राखण), चार जण पुढे धावणार, बाकीचे मागे, फसवे ब्लिट्झ (जास्तीच्या माणसांनी क्यूबीवर धावून जाणं) जवळजवळ नाहीत, आणि समोरच्या क्यूबीचा अभ्यास करून खास त्याच्यासाठी प्लॅन बनवायला तर कोणी बसतच नाही. अमेरिकेत अशा डिफेन्सला व्हॅनिला म्हणतात. २०२१ ला जेट्सचा झॅक विल्सन प्रीसीझनमध्ये २० पैकी १५ होता, दोन टचडाऊन, इंटरसेप्शन शून्य. सीझनच्या दुसऱ्या आठवड्यात कोच बिल बेलिचेकच्या पेट्रियट्सनी त्याच्याकडून चार इंटरसेप्शन काढले, त्यातले दोन तर त्याच्या पहिल्या दोन पासवरच. सेफ्टी (सगळ्यात मागचे डिफेन्डर) आधी दाखवतात एक आणि स्नॅप झाल्यावर (बॉल क्यूबीकडे आल्यावर) फिरतात दुसरीकडे, हे त्याला ऑगस्टमध्ये कोणी दाखवलंच नव्हतं.

मी काय करतो, तर वहीत प्रत्येक ड्राईव्हपुढे एक, दोन किंवा तीन लिहितो. समोर स्टार्टर, दुसरी फळी, की तिसरी फळी. आणि ऑफेन्सिव्ह लाईन (क्यूबीला राखणारी फळी) कोणती होती तेही, कारण पोरगा आपल्याच तिसऱ्या फळीच्या मागे उभा असेल तर त्याचेही हाल होतात.

मग बघायचं काय

एक थर्ड डाऊन घ्या, म्हणजे दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा, अजून सात यार्ड पाहिजेत. व्हिडिओ स्नॅपच्या आधीपासून लावा. पोरगा हात वर करून कोणाला काही सांगतोय का, सेफ्टी दोन आहेत की एक हे बघायला मान वर करतोय का, की नुसता बॉलची वाट बघत उभा आहे? बॉल आला, पाच पावलं मागे गेला, शेवटचं पाऊल टेकलं. इथे पॉज करा.

आता हेल्मेट कुठे वळलंय ते बघा. समजा डावीकडे, पहिल्या रिसीव्हरकडे, आणि तो झाकलेला आहे. एक पोरगा काय करतो, की छोटीशी उडी, पाय पुन्हा खांद्याएवढ्या अंतरावर येतात, हेल्मेट मधे वळतं आणि त्याच्याबरोबर पुढच्या पायाचा अंगठाही मधे वळतो, आणि बॉल आठ यार्डांवर टाइट एन्डच्या (हाही पास झेलणारा) छातीवर. टाइट एन्डच्या हातून सुटला. स्कोअरकार्डात एक प्रयत्न, शून्य यार्ड, कोणी क्लिप काढत नाही.

दुसरा पोरगा डावीकडेच बघत राहतो, पाय जमिनीला चिकटलेले, मग घाबरून उलटा गोल फिरतो, उजवीकडे पळतो आणि पळता पळता तीस यार्ड वर उडवतो, रिसीव्हर दोघांच्या मधून उडी मारून झेलतो. स्टेडियम वेडं होतं. मला विचाराल तर त्या रात्री पुढे गेला तो पहिला पोरगा. दुसऱ्याने टाकलेला तोच बॉल ऑक्टोबरमध्ये चांगला सेफ्टी घेऊन जातो.

पाय डोळ्यांबरोबर वळतात का, हे एवढं एक जरी बघायला शिकलात तरी पुष्कळ आहे. नवीन पोरांचे डोळे आधी शिकतात, पाय मागाहून. जिथे डोळे दुसऱ्या रिसीव्हरवर गेलेत आणि पाय अजून पहिल्याकडेच आहेत तिथे बॉल उंच जातो किंवा मागे पडतो, लोक म्हणतात नेम खराब, आणि खरं तर नेम ठीक असतो, पाय उशिरा आलेले असतात. ही दुरुस्त होणारी चूक आहे. जॉश ॲलन पहिल्या वर्षी ५२.८ टक्के पास पूर्ण करायचा, दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी ६९.२. एवढा फरक नुसत्या हातात पडत नाही, पाय, निर्णय, आजूबाजूची माणसं सगळं सुधारावं लागतं, आणि त्याला तीन सीझन लागले, तीन आठवडे नाही.

इंटरसेप्शन दिसला की घाबरणं

सी. जे. स्ट्राउडची पहिली प्रीसीझन मॅच आठवा, २०२३, ४ पैकी २ पास, १३ यार्ड, एक इंटरसेप्शन. ज्यांनी त्या रात्री त्याला मोडीत काढला त्यांना त्याच वर्षी ४१०८ यार्ड, २३ टचडाऊन आणि फक्त ५ इंटरसेप्शन बघावे लागले, रुकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) ऑफ द इयर झाला तो. उलट पेटन मॅनिंग, १९९८, प्रीसीझनचा पहिलाच पास ४८ यार्डांचा टचडाऊन, आणि नंतर त्या सीझनमध्ये २८ इंटरसेप्शन, टीम ३-१३ (३ जिंकल्या, १३ हरल्या). पुढच्या वर्षी तीच टीम १३-३.

प्रीसीझनचा इंटरसेप्शन दिसला की मी एकच प्रश्न विचारतो: बघून चुकला की न बघता? डिफेन्डर कुठे आहे ते दिसत होतं आणि तरी अरुंद जागेतून टाकून बघितला, तर ठीक आहे, ऑगस्ट त्यासाठीच असतो, कोणता बॉल या लेव्हलला जातो आणि कोणता जात नाही ते कुठेतरी कळायलाच हवं. पण मधला लाईनबॅकर (मधल्या फळीतला डिफेन्डर) दिसलाच नाही आणि बॉल सरळ त्याच्या हातात, ते दोनदा-तीनदा झालं तर मग काळजी करा. एकदा झालं तर वहीत लिहून ठेवा आणि पुढे चला.

सॅकचा दोष लगेच कोणावर तरी टाकणं

शेदूर सँडर्स २०२५ मध्ये ब्राउन्सकडून पहिल्या प्रीसीझन मॅचला दोन टचडाऊन टाकून गेला आणि रॅम्सविरुद्धच्या मॅचमध्ये ६ पैकी ३, १४ यार्ड, पाच सॅक, म्हणजे पास टाकायच्या आधीच पाच वेळा पाडला गेला. अर्धे लोक म्हणाले लाईन बेकार, अर्धे म्हणाले बॉल धरून बसतो. भांडण्यापेक्षा मोजा. स्नॅप झाला की मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा. दोनच्या आत अंगावर आले तर लाईनचं काम फसलं. तीन होऊन गेले आणि बॉल अजून हातात आहे तर बहुतेक वेळा क्यूबीचा दोष, मग तो मागे मागे पळत गेला असेल तर नक्कीच. खरं सांगायचं तर बऱ्याच सॅकमध्ये दोघांचाही वाटा निघतो.

कॅलेबने पहिल्या वर्षी ६८ सॅक खाल्ले. त्यात त्याचे स्वतःचे बरेच होते हे भाच्यालाही मान्य आहे. पण सीझनच्या मधे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर गेला, मग हेड कोच गेला, आणि २०२५ ला नवा हेड कोच बेन जॉन्सन आला, नवी लाईन आली, तर सॅक निम्म्याहून कमी झाले. पोराकडे बघताना त्याच्या आजूबाजूला काय चाललंय तेही त्याच वहीत लिहायला हवं.

काही अडचणी, पटपट

पोरगा खेळलाच नाही, बेंचवर बसवला. यात वाईट काही नाही. २०२१ पासून प्रीसीझन मॅच चारच्या तीन झाल्या आणि खूप कोच दुसऱ्या टीमबरोबरच्या जॉइंट प्रॅक्टिसवर जास्त भरवसा ठेवतात, तिथे स्टार्टर विरुद्ध स्टार्टर भिडतात आणि क्यूबीला हात लावायचा नसतो. जे. जे. मॅकार्थी २०२४ ला पहिल्याच प्रीसीझन मॅचमध्ये गुडघा दुखावून अख्खा सीझन बाहेर बसला, त्यामुळे कोच जपून वागत असतील तर त्यांना दोष देऊ नका.

टीव्हीवर मागचे सेफ्टी दिसतच नाहीत. खरंय, कॅमेरा जवळचा असतो. मग कव्हरेजवर मत देऊच नका, रिप्लेमध्ये वरचा अँगल दाखवतील तेवढ्यावर बोला. पाय आणि हेल्मेट मात्र साध्या कॅमेऱ्यातही दिसतात.

"प्रीसीझनला काही अर्थच नाही" असं म्हणणारा एक मित्र भेटतोच. त्याला २०१६ चा डॅक प्रेस्कॉट सांगा. ड्राफ्टच्या चौथ्या राउंडचा पोरगा, ५० पैकी ३९ पास, पाच टचडाऊन, इंटरसेप्शन शून्य, आणि स्टार्टर टोनी रोमोला दुखापत झाल्यावर हाच आत आला, काउबॉइज १३-३. पण तेव्हाही आकड्यापेक्षा जास्त बोलत होतं ते त्याचं शांत उभं राहणं, दबाव आला तरी पॉकेटमध्ये एक पाऊल पुढे जाणं. ते सीझनमध्ये तसंच राहिलं.

आणि भारतातून बघणाऱ्यांसाठी एक. तिकडे पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ ची मॅच म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. अर्धवट झोपेत लाईव्ह बघून ग्रुपवर मत टाकू नका, मी टाकलेली आहेत आणि दुपारी खोडलेली आहेत. रात्री नीट झोपा, संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर तुमच्या क्यूबीचे फक्त पहिले दोन ड्राईव्ह लावा, एकदा बॉलकडे बघत, आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त पायांकडे बघत. वीसेक मिनिटं लागतात. यंदा भाचाही तसंच करतोय, त्याचा मागच्या आठवड्यातला मेसेज फक्त एवढाच होता: "मामा, सहावा स्नॅप बघ, पाय वळले."