गच्चीवर पत्रा घालताय? मग सोलरचंच छप्पर करा

गळती आणि ऊन टाळायला गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घालणं आपल्याकडे नेहमीचंच. तो खर्च होणारच असेल, तर पत्र्याऐवजी सोलर पॅनेलच बसवा.

१. आधी सावली. डिसेंबरात सूर्य सर्वांत खाली असतो. तेव्हा सकाळी नऊ ते दुपारी तीन टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या नारळाची सावली कुठे पडते ते खडूने आखा.

२. वर्षभराची वीजबिलं काढा. एक किलोवॅट क्षमतेच्या पॅनेलांतून दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. महिन्याला ३०० युनिट लागत असतील तर ३ किलोवॅट पुरे, म्हणजे ५४० वॅटची सहा पॅनेल, सुमारे १७० चौरस फूट.

३. खरी मेख सांगाड्यात. एक पॅनेल तीसेक किलोचं, पण वजनापेक्षा वाऱ्याची भीती मोठी. तो खालून शिरून अख्खं छप्पर उचलतो. खांब इमारतीच्या कॉलमवरच यावेत, नुसत्या स्लॅबवर नकोत. स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, पालिकेची परवानगीही विचारा. उतार दक्षिणेकडे, १५ ते २० अंश. दोन पॅनेलांमधल्या फटीखाली ॲल्युमिनियमची पन्हळ हवी, वर रबरी पट्टी. नुसतं सिलिकॉन भरून ‘वॉटरप्रूफ’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. खाली सिलिंग मारू नका, वारा खेळू द्या. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते.

४. अंघोळीच्या पाण्याला वेगळा सोलर हीटर घ्या. चार-पाच जणांना २०० लिटरचा. तो छपराच्या दक्षिणेला उघड्यावर ठेवा, उत्तरेला सावलीत जाईल. गार पाण्याची टाकी हीटरच्या टाकीपेक्षा उंच हवी. बोअरचं जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांचा बरा, तांब्याच्या नळ्या क्षाराने तुंबतात.

५. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर अर्ज करा. ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान आहे, पण पॅनेल भारतीय बनावटीचंच हवं. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, महावितरण बसवते. एक गोष्ट विक्रेते हळू आवाजात सांगतात: लाइट गेली की साधी ऑन-ग्रिड (बॅटरीविना, थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली) यंत्रणाही बंद पडते. भारनियमन असेल तर लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या.

६. धुवायला वर जाता यावं म्हणून सांगाड्यातच फूटभर रुंद जाळीची वाट ठेवून घ्या. धुणं सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.