पहिला हप्ता जमा होण्याआधी: आरोग्य संस्थेच्या अनुदान-कारभाराची तयारी

करारावर सह्या झाल्या की सगळ्यांचं लक्ष भरती, औषधखरेदी आणि शिबिरांच्या तारखांकडे जातं. हिशेबाची घडी बसवायला हात लागतो तो थेट पहिल्या तिमाही अहवालाच्या आठवड्यात. तोवर सगळी वाउचर ‘प्रकल्प खर्च’ या एकाच नावाखाली पडलेली असतात आणि ती अंदाजाने वेगळी केली जातात. सातारा-सांगलीकडच्या मध्यम आकाराच्या आरोग्य संस्थेकडे एकाच वेळी सीएसआर निधी (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा पैसा), सरकारी अनुदान आणि कधी परदेशी निधीही असतो. हिशेबनीस मात्र एकच. म्हणून ही तयारी पैसे खात्यावर पडण्याआधी उरकावी.

आधी कागद. धर्मादाय नोंदणीचं प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा ताजा उतारा (यात विश्वस्तांची नावं असतात), पॅन, टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), १२ए आणि ८०जीचे म्हणजे संस्थेच्या आणि देणगीदारांच्या करसवलतीचे आदेश, दर्पण आयडी (संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक), तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, सह्यांच्या अधिकाराचा विश्वस्तांचा ठराव आणि सीएसआर-१ या अर्जाने मिळणारा नोंदणी क्रमांक. १ एप्रिल २०२१ पासून या क्रमांकाशिवाय संस्थेला कंपनीचा सीएसआर प्रकल्प राबवता येत नाही. सगळ्यात जास्त अडकतं ते विश्वस्तांच्या नावांवर. विश्वस्त बदललेले असतात, पण धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, दाखल नसते. मग बँकेत एक नावं, धर्मादाय कार्यालयात दुसरी, दर्पणवर तिसरी. बदल झाल्यापासून ९० दिवसांत हा रिपोर्ट द्यायचा असतो. मुदत टळली असेल तर विलंबमाफीच्या अर्जासह आधी तो दाखल करा आणि पोच फाइलला लावा. सोबत दोन बारीक गोष्टी तपासा: डिजिटल सहीची मुदत कधी संपते, आणि पोर्टलचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो. तो नंबर माजी सचिवांचा निघाला तर शेवटच्या तारखेला धावपळ ठरलेली.

परदेशी निधीचं प्रकरण वेगळं आहे. परदेशी देणगी नियमन कायद्याच्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीपासून हा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात घेता येतो. आपल्या गावातलं खातं फक्त खर्चासाठी, तेही रीतसर कळवून. त्यात स्थानिक देणगीचा एक रुपयाही मिसळू नये. खात्यावरचं व्याजसुद्धा परदेशी निधीतच धरलं जातं. हा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे जतमधल्या भागीदार संस्थेच्या खात्यावर काही रक्कम वळवू, असं अंदाजपत्रकात लिहून ठेवू नका. प्रशासकीय खर्चाची मर्यादा वर्षात मिळालेल्या निधीच्या २० टक्के आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार त्यात मोजत नाहीत. कार्यालयाचं भाडं आणि हिशेबनिसाचा पगार मोजतात. ही विभागणी खाती उघडतानाच करावी.

सीएसआरमधल्या प्रशासनखर्चाच्या पाच टक्के मर्यादेबद्दल मात्र कायम गैरसमज असतो. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनखर्चावर आहे, प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पखर्चावर नाही. कुणी ती संस्थेला लावत असेल तर लेखी खुलासा मागावा. हिशेबनिसाच्या पगाराची तरतूद नसलेलं अंदाजपत्रक स्वीकारूच नये, असं आमचं ठाम मत आहे. तो खर्च मग दुसऱ्या कुठल्यातरी अनुदानात दडवला जातो आणि दोन्ही हिशेब तिथूनच बिघडतात.

मग अनुदान-नोंदवही करा. महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही, एक्सेलची एक शीट पुरते. प्रत्येक अनुदानाची एक ओळ: कालावधी, हप्ते आणि त्यांच्या अटी, शीर्षनिहाय (म्हणजे प्रवास, औषधं अशा खर्चाच्या प्रकारानुसार) रक्कम, एका शीर्षातून दुसऱ्यात किती टक्के वळवता येतात, अहवालांच्या तारखा, शिल्लक कधी परत करायची, मालमत्ता कुणाच्या नावावर, कागद किती वर्षं जपायचे. व्याजाचा रकाना विसरू नका. केंद्र सरकारच्या अनुदानावरचं व्याज परत भरावं लागतं. हे उशिरा कळलं तर ते खर्च होऊन गेलेलं असतं आणि संस्थेच्या खिशातून द्यावं लागतं. हे सगळे रकाने करार समोर ठेवून भरायचे, फोनवरच्या बोलण्यावरून नाही.

आता संकेतांक, म्हणजे खर्च कोणत्या अनुदानातला आणि कोणत्या शीर्षातला हे सांगणारा कोड. इथे वेळ काढलाच पाहिजे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अनुदानाचं एक कॉस्ट सेंटर (खर्च वेगळा दाखवणारा गट) आणि करारातल्या प्रत्येक शीर्षाचं त्याखाली एक उपसेंटर उघडा. लेजर, म्हणजे खर्चाच्या प्रकाराचं खातं, मात्र सामाईक ठेवा. ‘प्रवास’ हे एकच लेजर हवं. प्रत्येक देणगीदाराच्या नावाने वेगळं प्रवासाचं लेजर काढत गेलात तर वर्षअखेर ऑडिटरलाही ताळेबंदाचा थांग लागत नाही. समजा, पाटण तालुक्यातल्या शिबिरासाठी २,४०० रुपयांचं जीपभाडं दिलं. त्या वाउचरवर कुठून कुठे गेली, किती किलोमीटर, गाडीचा नंबर, चालकाची सही, शिबिराच्या हजेरीपत्रकाचा क्रमांक, संकेतांक आणि मंजुरीची सही, एवढं हवं. मंजुरी देणारा आणि पैसे देणारा एकच माणूस नको. पैसे देण्याच्या दिवशीच मूळ बिलावर ‘अमुक अनुदान, अमुक शीर्षात खर्च दाखवला’ असा रबरी शिक्का मारा. शिक्का नसलेलं बिल घाईगर्दीत दोन अनुदानांत लागतं, आणि तपासणीत ते फसवणुकीसारखंच दिसतं. पंपावरची आणि मेडिकलची थर्मल कागदाची बिलं काही महिन्यांत पांढरी पडतात, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून सोबत लावा. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांवर रोख देऊ नका. नाहीतर प्राप्तिकरात तो खर्च धरला जात नाही.

पगाराचं असंच. एक नर्स दोन प्रकल्पांत असेल तर तिचा पगार अंदाजपत्रकातल्या टक्क्यांनी वाटून चालत नाही. तिने रोजच्या रोज भरलेलं आणि महिनाअखेर सही केलेलं वेळपत्रक लागतं.

खर्चाचा तिमाही अंदाज वार्षिक रकमेला चाराने भागून देऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये पाटण आणि महाबळेश्वरच्या वाड्यावस्त्यांवर पावसाने काम मंदावतं. जत-आटपाडीत तेव्हाही फिरता येतं, तर तिथलं काम पुढे घ्या. ऊसतोड टोळ्यांसाठीची शिबिरं गळीत हंगामातच, म्हणजे वाळवा-कराड पट्ट्यात दिवाळीनंतरच जोर धरतात. सीएसआरचा पहिला हप्ता उशिरा आला तरी वर्ष ३१ मार्चलाच संपतं. कंपनीने प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर केला असेल तर न खर्चलेली रक्कम ती ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवू शकते आणि पुढे त्याच प्रकल्पावर वापरता येते. म्हणून शिल्लकीचा अंदाज जानेवारीतच लेखी कळवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली ठोक खरेदी ऑडिटर सगळ्यात आधी काढून बघतो.

औषधांच्या साठावहीत बॅच नंबर आणि एक्स्पायरी हवीच. लवकर संपणारी बॅच आधी बाहेर काढायची. उपकरणांवर अनुदानाचं नाव आणि अनुक्रमांक रंगवा. रुग्णांची नावं मात्र हिशेबाच्या फाइलीत येऊ देऊ नका. क्षयरोग्यांना पोषण किट वाटलं तर सह्यांची यादी दवाखान्यात कुलपात राहील आणि वाउचरला फक्त निक्षय आयडी (क्षयरोग्याचा सरकारी नोंदणी क्रमांक) व किटची संख्या लागेल. एचआयव्हीच्या बाबतीत तर गुप्तता राखणं २०१७च्या कायद्याने बंधनकारक आहे. गावात एक नाव फुटलं की त्या घराला ते किती काळ भोगावं लागतं, हे क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा लिहा: टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत, एफसी-४ (परदेशी निधीचं वार्षिक विवरण) ३१ डिसेंबरपर्यंत. एफसीआरए नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान चार महिने आधी गेला पाहिजे. कृष्णाकाठच्या संस्थांनी वाउचरचं कपाट तळमजल्यावर ठेवू नये. सांगलीने २०१९ आणि २०२१चा पूर पाहिलेला आहे. दर शनिवारी आठवड्याची वाउचर स्कॅन करून टॅलीच्या बॅकअपसह संस्थेबाहेर एक प्रत ठेवा.

शेवटी एक चाचणी घ्या. पहिल्या महिन्याच्या खर्चातला कोणताही एक आकडा उचला आणि हिशेबनिसाला न विचारता दुसऱ्या सहकाऱ्याला त्यामागची वाउचर, मंजुरी आणि हजेरीपत्रक काढायला सांगा. तो जिथे अडेल तिथलीच नोंद अपुरी आहे. दुसऱ्या महिन्याची पहिली एन्ट्री पडायच्या आत ती दुरुस्त करा.