ई-चलान आले, तर काय करावे: तपासणी, हरकत आणि भरणा

चौकात हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला सांगायची, लायसन्स बघायचे आणि पावती फाडायची, ही पद्धत अजून पूर्णपणे गेलेली नाही. पण मुंबईत २०१६ मध्ये ई-चलान सुरू झाले, पुढे ते राज्यभर पसरले, आणि आता आपल्या गाडीने नियम मोडला आहे हे बहुतेकांना मोबाइलवरच्या संदेशातूनच समजते. संदेश आल्यावर माणसे साधारणपणे दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण तो वाचून सोडून देतात आणि वर्षभराने लोकअदालतीची नोटीस आली की धावपळ करतात, तर काही जण झंझट नको म्हणून फोटोसुद्धा न पाहता पैसे भरून मोकळे होतात. दोन्हींत नुकसान आपलेच आहे. चलान म्हणजे आपल्या गाडीवर ठेवलेला आरोप असतो आणि त्यावर जी रक्कम मागितली जाते ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० खालचे तडजोड शुल्क असते. ते भरले की प्रकरण मिटते, पण मग हरकत घ्यायलाही जागा उरत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी थोडा वेळ काढून पुढील क्रमाने जावे.

सर्वांत आधी संदेश खरा आहे का, हे पाहावे. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ अशा नावाची एपीके फाइल (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) पाठवून मोबाइलचा ताबा घेण्याची आणि बँक खाते रिकामे करण्याची फसवणूक सध्या फार बोकाळली आहे. वाहतूक पोलिस किंवा आरटीओ चलानासाठी कधीही एपीके फाइल पाठवत नाहीत. संदेशातील दुवा खरा वाटला तरी त्यावर बोट न ठेवता महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे ई-चलान संकेतस्थळ ब्राउझरमध्ये स्वतः उघडावे किंवा त्यांचे महाट्रॅफिक ॲप अधिकृत ॲप स्टोअरमधूनच घ्यावे. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे की नाही, हे डोळ्यांनी तपासावे. गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक (दोन्ही आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर असतात) टाकले की त्या गाडीवरची सर्व चलाने समोर येतात. तिथे चलान दिसत नसेल, तर आलेल्या संदेशावर विसंबून एक रुपयाही भरू नये. चुकून तशी फाइल उघडली गेली असेल, तर मोबाइलचे इंटरनेट ताबडतोब बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

चलान खरे निघाले की खरे काम सुरू होते, ते फोटो वाचण्याचे. माझ्या वडिलांच्या स्कूटरवर विनाहेल्मेटचे एक चलान आले होते. रक्कम पाचशे रुपये. वडील हेल्मेटशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाहीत, तरीही ते म्हणाले, “पाचशे रुपयांसाठी कोण चौकीच्या पायऱ्या झिजवणार? भरून टाक.” मी फोटो मोठा करून पाहिला. स्कूटर त्याच कंपनीची आणि त्याच राखाडी रंगाची होती, पण तिच्या पुढच्या बाजूला लहान मुलासाठी बसवलेली छोटी सीट दिसत होती. वडिलांच्या स्कूटरला ती कधीच नव्हती. प्लेटवरच्या शेवटच्या अंकावर चिखल उडालेला होता आणि मूळचा ३ हा ८ म्हणून वाचला गेला होता. पैसे भरले असते, तर दुसऱ्याची चूक वडिलांच्या नावावर कायमची जमा झाली असती. हेल्मेटसंबंधीच्या कलम १९४ड मध्ये दंडाबरोबर तीन महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे, त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून प्रकरणही लहान आहे असे मानू नये.

म्हणून फोटो मोठा करून प्लेटवरचा प्रत्येक अंक आणि अक्षर आरसीशी ताडून पाहावे. ३ आणि ८, बी आणि ८, एम आणि एन यांची गल्लत होऊ शकते. गाडीचे मॉडेल, रंग, आरसे, कॅरियर, काचेवरचे स्टिकर, बंपरवरचा पोचा अशा खुणा पाहाव्यात. त्यानंतर ठिकाण, तारीख आणि वेळ पाहून त्या वेळी गाडी कुठे होती, हे आठवावे. फोटोत गाडी आपलीच असेल, तरी लावलेले कलम आणि दिसणारी गोष्ट यांचा मेळ बसतो का, हे पाहायला हवे. सिग्नल तोडल्याचे चलान असेल आणि फोटोत सिग्नलच दिसत नसेल, किंवा नो पार्किंगचे चलान असून फलकाचा पत्ता नसेल, तर हरकतीला आधार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०२१ साली १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्याच्या आधारे चलान करताना गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो, यंत्राने घेतलेले मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम यांचा तपशील देण्याची अपेक्षा त्यात आहे. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने ते चलान यंत्रणेत चढवू नयेत, अशा सूचनाही राज्यात वरिष्ठांकडून दिल्या गेल्या आहेत. फोटोवर वेळ आणि ठिकाणाची नोंद नसेल, तर ती गोष्ट हरकतीत अवश्य लिहावी.

फोटोत आपणच असू आणि चूक उघड असेल, तर मात्र पळवाट शोधू नये, हे मी कळकळीने सांगतो. वळसा वाचवण्यासाठी दोन मिनिटे राँग साइडने जाणे, लाल दिवा असताना चौक ओलांडणे, चालत्या गाडीवर मोबाइल कानाला लावणे, या गोष्टी कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालनात मोडतात आणि त्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास कलम १९९अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. दहावी झालेल्या मुलाला क्लाससाठी स्कूटर देणाऱ्या आईवडिलांनी हे कलम एकदा तरी वाचावे. मद्यपान करून गाडी चालवण्याचे प्रकरण ऑनलाइन भरून मिटत नाही, त्यासाठी न्यायालयातच उभे राहावे लागते. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. सायकल ही या कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन नाही, त्यामुळे सायकलस्वाराला ई-चलान येत नाही, पण सायकलीसारख्या दिसणाऱ्या आणि नोंदणी लागत नाही म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीच्या दुचाकीची ताकद २५० वॅटपेक्षा किंवा वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर तिला नोंदणी, विमा आणि लायसन्स हे सगळे लागते.

हरकत घ्यायची ठरवल्यास उशीर करू नये. महाट्रॅफिक ॲपमध्ये आणि संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे, आणि त्या चौकाच्या वाहतूक विभागात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेता येते. मी दोन्ही करण्याचा सल्ला देतो. अर्ज एका पानाच्या आत असावा. त्यात चलान क्रमांक, गाडीचा क्रमांक, हरकतीचे नेमके कारण आणि जोडलेले पुरावे एवढेच लिहावे. पोलिसांच्या कारभारावरचे मत त्यात नको. वडिलांच्या अर्जाला आम्ही चलानावरचा फोटो आणि स्कूटरचे पुढून, मागून काढलेले फोटो शेजारी शेजारी छापून जोडले आणि छोट्या सीटभोवती लाल पेनाने वर्तुळ काढले. अर्ज घेणाऱ्या अंमलदाराला मग काही समजावून सांगावे लागले नाही. त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचे दाखवायचे असेल, तर टोलची फास्टॅग नोंद, पार्किंगची पावती, सोसायटीच्या गेटवरचे सीसीटीव्ही चित्रण किंवा सर्व्हिस सेंटरचे जॉबकार्ड उपयोगी पडते. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते आधी मागून घ्यावे.

रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी स्टॉप लाइन ओलांडावी लागली आणि चलान आले, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. रुग्णवाहिकेला वाट न देणे हा कलम १९४इ खाली १०,००० रुपये दंडाचा गुन्हा आहे, हे हरकतीत नमूद करावे आणि डॅशकॅमचे चित्रण असल्यास जोडावे.

विकलेल्या गाडीचे चलान आले, तर दोष बहुधा आपल्या आळसाचा असतो. कलम ५० नुसार राज्यातच गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे त्यालाच चलान जाते. फॉर्म २९ ची (गाडी विकल्याचे आरटीओला कळवण्याच्या अर्जाची) पोच आणि तारीख-वेळ लिहिलेली, घेणाऱ्याची सही असलेली डिलिव्हरी नोट हाती असेल, तर हरकत टिकते. नुसत्या तोंडी व्यवहारावर ती टिकणे कठीण असते.

फोटोत आपलाच क्रमांक स्पष्ट दिसतो, पण गाडी वेगळी आहे, असे आढळले, तर बनावट प्लेटचा संशय घ्यावा. अशा वेळी चलानावरची हरकत पुरेशी नाही. पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, कारण त्या गाडीने उद्या अपघात केला, तर पोलिस आपल्या दारात येतील. आपल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली असेल, तर तिच्यावरचा अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेसरने कोरलेला अनुक्रमांक यांचा जवळून काढलेला फोटो तक्रारीला जोडावा.

हरकत फेटाळली गेली, तरी न्यायालयात जाता येते. तिथे पुरावा मागावा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे फार जुन्या चलानावर हा मुद्दा मांडता येतो. पण मुदत उलटली म्हणून चलान संकेतस्थळावरून आपोआप नाहीसे होत नाही, आणि कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना ही सहा महिन्यांची मुदत लागू नाही. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते. लोकअदालतीची नोटीस आली असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: तिथला निवाडा दोन्ही बाजूंच्या संमतीने होतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून चूक मान्य असेल तरच तिथे प्रकरण मिटवावे.

पैसे भरायचे असतील, तर ते संकेतस्थळावर, ॲपमध्ये किंवा चौकातल्या अंमलदाराच्या यंत्रावर भरावेत आणि छापील किंवा ऑनलाइन पावती घ्यावी. पावतीशिवाय कुणाच्याही हातात नोट ठेवू नये. दोन-तीन दिवसांनी गाडीचा क्रमांक पुन्हा टाकून ते चलान ‘भरले’ असे दिसते का, हे बघावे आणि पावती जपून ठेवावी, कारण गाडी विकताना तिची गरज पडू शकते. त्याच वेळी आरसीला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हेही तपासावे. वडिलांचा जुना क्रमांक बंद पडलेला होता आणि चलान झाल्याचे आम्हाला विम्याच्या कामासाठी संकेतस्थळ उघडले तेव्हाच कळले. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून तो क्रमांक बदलता येतो. आम्ही हरकतीचा अर्ज दिला, त्याच संध्याकाळी तो बदलून घेतला.